अंगणातली गोष्ट आणि ताराबाई मोडक

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि थोड्याच वेळात करमाड येते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे स्थानक असलेले, आसपासच्या खेड्यांना बाजाराचे असलेले हे गाव. इथली एखादी आई सकाळी कडेवरच्या मुलाला घेऊन निघाली आणि तिला कुणी कुठे चाललीस म्हणून विचारले, तर अंगणवाडीत, असे उत्तर ती सहज देऊन जाईल. हा शब्द आता इतका रुळला आहे की तो कुणीतरी एके काळी घडवला असेल, हे मनातही येत नाही. सरकारी कागदांवर, देशभरातल्या फलकांवर, मराठीचा गंध नसलेल्या राज्यांतही तो जसाच्या तसा वापरला जातो. हा शब्द ताराबाई मोडक यांनी दिला. त्या शब्दामागे मुलांना खाऊ घालण्याच्या कितीतरी आधी, मुलांशी बोलण्याचा, त्यांना गोष्ट सांगण्याचा आणि त्यांचे ऐकून घेण्याचा विचार होता. आज अंगणवाडीचे नाव काढताच खिचडी, वजनकाटा आणि लसीकरणाचे कार्ड डोळ्यांसमोर येते. गोष्ट येत नाही. म्हणून ताराबाईंचे चरित्र पुन्हा एकदा उघडून पाहावेसे वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे. त्या घरात मुलींनी शिकावे की नाही, हा प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्री ही अपूर्वाईची गोष्ट होती आणि अशा स्त्रीकडे लोक कौतुकाने जितके पाहत, तितकेच संशयानेही पाहत. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, प्रभा ही कन्या झाली. परंतु संसार फार काळ टिकला नाही. १९२१च्या सुमारास त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. लहान मुलगी पदराशी आणि सासर-माहेर दोन्हींचा आधार सुटलेला, अशा अवस्थेत त्या काळची स्त्री बहुधा कुणा नातेवाइकाच्या घरी आश्रित म्हणून राहिली असती. ताराबाई नोकरीच्या शोधात थेट काठेवाडात गेल्या आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

पद मानाचे होते, वेतन चांगले होते, बंगला होता. तरीही दोनएक वर्षांतच त्यांनी ते सोडले. त्याचे कारण जवळच्याच भावनगरात होते. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाच्या एका वकिलाने वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले होते. स्वतःचा मुलगा लहान असताना त्याच्या वाढीचा विचार करता करता गिजुभाई मारिया माँटेसोरींच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले आणि त्यांतून हे बालमंदिर उभे राहिले. छडी, पाठांतर आणि भीती यांवर चाललेल्या शाळांच्या काळात अडीच-तीन वर्षांची मुले तिथे आनंदाने येतात, घरी जायला नको म्हणतात, अशी त्याची ख्याती पसरली होती. ताराबाईंना स्वतःच्या लेकीची चिंता होतीच. १९२३ साली त्या प्रभाला घेऊन भावनगरला गेल्या आणि पुढची सुमारे नऊ वर्षे गिजुभाईंच्या सहकारी म्हणून राहिल्या.

भावनगरच्या या वर्षांवर थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण आपल्या विषयाचे मूळ तिथे आहे. माँटेसोरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले आणि लहान मूल हाताने, डोळ्यांनी, स्पर्शाने कसे शिकते, हे जगाला दाखवून दिले. मात्र अगदी लहान मुलांना कल्पित गोष्टी, परीकथा सांगाव्यात की नाही, याबाबत त्या साशंक होत्या. ज्या वयात मूल खऱ्या जगाची ओळख करून घेत असते, त्या वयात त्याला खोट्या जगात नेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. गिजुभाई आणि ताराबाईंनी माँटेसोरींचे बहुतेक सारे घेतले, पण इथे मात्र ते आपल्या वाटेने गेले. ज्या देशात आजीच्या मांडीवर बसून मूल भाषा शिकते, जिथे घराघरांत पुस्तक नाही पण गोष्ट मात्र आहे, तिथे गोष्टीला बालशिक्षणातून वगळणे म्हणजे घरातला सर्वांत मोठा ठेवा बाहेर टाकण्यासारखे झाले असते. गिजुभाईंनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून गुजराती बालसाहित्याच्या छोट्या छोट्या पुस्तिकांची मालाही संपादित केली. ताराबाईंची मातृभाषा मराठी. पण या वर्षांत त्यांनी गुजराती इतकी आत्मसात केली की त्या भाषेत मुलांसाठी पुस्तके काढण्यापर्यंत मजल गेली.

बालमंदिरातली गोष्ट म्हणजे एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी हाताची घडी घालून ऐकायचे, असा प्रकार नव्हता. तिथे गाणे होते, अभिनय होता, ऐकलेली गोष्ट मुलांनी नाटक करून दाखवायची होती. आपल्याकडे खेड्यात गोष्ट सांगणाऱ्यासमोर बसलेला माणूस मध्येमध्ये हुंकार देतो. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. लहान मुलाच्या बाबतीत हा हुंकार फार महत्त्वाचा. मूल अजून बोलत नसेल, तर त्याचा हुंकार म्हणजे विस्फारलेले डोळे, पुढे केलेले बोट, टाळी किंवा एखादा निरर्थक उद्गार असेल. तो ओळखणे आणि त्याच्यासाठी थांबणे हेच शिक्षिकेचे खरे कौशल्य, असा या बालशिक्षणाचा गाभा होता.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गुजरातीत शिक्षणपत्रिका निघू लागली आणि १९३३पासून ताराबाईंच्या संपादकत्वाखाली तिची मराठी आवृत्ती सुरू झाली. तोवर त्या भावनगर सोडून महाराष्ट्रात परतल्या होत्या. ही पत्रिका आईबापांसाठी होती, हे विशेष. मूल हट्ट का करते, त्याला मारू का नये, त्याच्याशी काय बोलावे, असे प्रश्न तोपर्यंत मराठीत कुणी इतक्या गंभीरपणे छापले नव्हते. बिचारी बालके या नावाचे त्यांचे पुस्तकही याच जातीचे. मोठ्या माणसांच्या राज्यात लहान मुलांची होणारी कुचंबणा हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय राहिला. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला आणि त्याला जोडून बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही. मुंबईच्या पांढरपेशा वर्गाने तो उचलून धरला. गिजुभाई १९३९ साली गेले. त्यांच्यामागे या चळवळीचा भार मुख्यतः ताराबाईंवर आला.

इथवरचे चरित्र एका यशस्वी शहरी शिक्षणतज्ज्ञाचे आहे. ताराबाई इथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु लाकडी ठोकळे, रंगीत मणी, मापाचे दट्टे अशा महागड्या साधनांवर उभे असलेले हे शिक्षण फी भरू शकणाऱ्या घरांपुरतेच राहणार, हे शल्य त्यांना टोचत असावे. स्वातंत्र्य जवळ येत होते. गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती सात वर्षांखालच्या मुलांपर्यंत वाढवण्याचा विचार मांडला होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा माणसे निवृत्तीचे वेध लावून बसतात, तेव्हा ताराबाईंनी दादर सोडले आणि डिसेंबर १९४५मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. शिक्षिका म्हणून त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. बालविधवा असलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई ताराबाईंच्या केवळ सहकारी नव्हे, तर पुढच्या साऱ्या कार्याच्या वारस ठरल्या.

तो १९४५चा काळ डहाणू-उंबरगाव-तलासरीच्या पट्ट्यात साधा नव्हता. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, गोळीबार झाला होता. अशा मुलखात मुंबईहून आलेल्या दोन बायका मुलांना गाणी शिकवणार म्हणतात, याचा लोकांना काय अर्थ लागला असेल? मुले येईनात. ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच वस्तीतली मुले बालवाडीच्या दाराशीही फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, मुलांना न्हाऊ-माखू घालू लागल्या आणि तिथेच कुणाच्या तरी अंगणात गाणी-गोष्टी सुरू झाल्या. बालवाडी अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. शब्द असा जन्माला आला. तो कुठल्या समितीच्या बैठकीत सुचलेला नाही.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. शिंपले, गोटे, चिंचोके, बिया, पाने, काड्या, मातीची भांडी हीच साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे त्यांतून शिकवता येत होते. माँटेसोरींचे तत्त्व कायम राहिले, त्याची किंमत मात्र शून्यावर आली. भाषेचा प्रश्न अधिक अवघड होता. वारली बोली आणि शाळेतले मराठी यांत अंतर होते. दादरच्या मुलांना सांगितलेली गोष्ट तशीच इथे चालणार नव्हती. ज्या मुलाला गोष्टीतला शब्दच परका, ते हुंकार कसा देणार? शिक्षिकांना आधी मुलांचे बोलणे ऐकावे लागले आणि त्यांच्या जगातले प्राणी, झाडे, सण गोष्टींत आणावे लागले.

१९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताईंनी पुढे कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात तिथल्या दिवसांचे जे वर्णन केले आहे, ते मुळातून वाचावे. कोसबाडला ताराबाईंसमोर एक नवीनच अडचण उभी राहिली. सहा-सात वर्षांची मुले शाळेत येऊ शकत नव्हती, कारण आईबाप मजुरीला गेले की त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. या अडचणीवर ताराबाईंनी शोधलेला उपाय आजही अनेक शिक्षणतज्ज्ञांना सुचत नाही: धाकट्यालाही घेऊन या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणताच शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा सुरू झाली. पाळण्यातले मूल ते शाळकरी मूल ही एकच वाढ आहे, तिचे तुकडे पाडता येत नाहीत, हे विकासवाडीच्या रचनेतच सिद्ध होत होते. थोरल्या बहिणीला येणारे गाणे पाळण्यातल्या भावाच्याही कानावर पडे. त्यासाठी वेगळा तास लावावा लागत नसे.

मधल्या काळात त्या काही वर्षे मुंबई विधिमंडळाच्या सदस्यही होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. ताराबाईंचा शब्द असा देशभर गेला. त्यांचा विचार तितक्या वेगाने गेला, असे मात्र म्हणवत नाही. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हे सारेच होते. पण उपाशी मुलासमोर आहार पहिला आला, ते योग्यच झाले. गोष्ट मागे पडली ती पडलीच. सेविकेच्या हातात नोंदवह्यांची चळत आली, २०२१पासून त्यांत पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपची भर पडली. तिने मुलाला मांडीवर घेऊन चित्राचे पुस्तक दाखवावे, ही अपेक्षा करताना तिच्या दिवसाचे तास मोजलेले बरे. २०२४ साली केंद्र सरकारने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नवचेतना नावाचा आराखडा काढला आणि या वयाच्या मुलाशी बोलणे, गाणे, खेळणे यांना सरकारी कागदावर स्थान मिळाले.

ताराबाई आणि गिजुभाई जे अनुभवाने करत होते, त्याची मोजमापे पुढे परदेशात झाली. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना चित्रांची पुस्तके वाचून दाखवताना काही आईबापांना नेहमीसारखेच वाचायला सांगितले. काहींना मध्ये थांबून प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात एखादा शब्द वाढवून ते परत सांगायला आणि हळूहळू गोष्ट मुलाच्याच तोंडून काढून घ्यायला शिकवले. महिन्याभरातच दुसऱ्या गटातली मुले बोलण्यात लक्षणीय पुढे गेलेली आढळली. पुढे मेक्सिकोतल्या गरीब कुटुंबांतील मुलांच्या पाळणाघरातही असाच परिणाम दिसला. २०१४ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मूल तान्हे असल्यापासूनच त्याला वाचून दाखवावे, असा सल्ला आपल्या डॉक्टरांमार्फत पालकांना द्यायला सुरुवात केली. यातले थांबणे, विचारणे, मुलाचा शब्द उचलून धरणे हे हुंकाराच्या परंपरेत वाढलेल्याला अनोळखी वाटू नये.

आता करमाडकडे परत येऊ. मराठवाड्यातल्या घरांना पुस्तकांची सवय उशिरा लागली, त्याला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि तिथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मुंबईत मराठी शिक्षणपत्रिका निघत होती, तेव्हा इथल्या खेड्यातल्या बाईपर्यंत मराठी अक्षरच पोहोचले नव्हते. पण तिच्याजवळ जात्यावरच्या ओव्या होत्या आणि मांडीवर मूल घेऊन ती त्या गात होती. आज तिच्या नातीच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर रंगीत चित्रांची गाणी रात्रंदिवस वाजतात. ती गाणी वाईट आहेत, असे नव्हे. ती मुलाच्या हुंकारासाठी थांबत नाहीत, एवढीच अडचण आहे. शहरातल्या घरांतही वेगळे चित्र नाही. तिथे पुस्तके आहेत, परंतु दीड वर्षाच्या मुलाला त्यातून मुळाक्षरे पाठ करवून घेण्याची घाई आहे. ताराबाईंना ही घाई पाहून काय वाटले असते, याची कल्पना त्यांच्या लेखनाशी परिचय असणाऱ्याला सहज करता येईल.

करायचे काय, तर फारसे काही नाही. सहा महिन्यांचे मूल पुस्तक तोंडात घालणार. घालू द्यावे, म्हणून जाड पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे पुस्तक बरे. ते नसेल तर जुन्या दिनदर्शिकेतली गाय, कोंबडी, सायकल यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून घरीच चार पानांचे पुस्तक होते. चित्रावर बोट ठेवून नाव घ्यावे, गायीचा आवाज काढावा आणि गप्प राहावे. मूल काहीतरी आवाज काढेल. त्यालाच उत्तर समजून पुन्हा बोलावे. मजकूर शेवटपर्यंत वाचलाच पाहिजे, असे बंधन नाही. मुलाने पान उलटले तर आपणही उलटावे. त्याला कंटाळा आला की पुस्तक मिटावे. एकच पुस्तक वीस वेळा मागितले तर वीस वेळा वाचावे, कारण पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असण्यातच त्याची गंमत असते. तळहातावर बोटाने खोटाखोटा दाणापाणी ठेवून शेवटी काखेत गुदगुल्या करण्याचा जो खेळ घराघरांत आहे, त्यात मूल दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच बोट काखेपर्यंत पोहोचण्याआधी हसू लागते. ऐकणे, वाट पाहणे आणि पुढचे ओळखणे या वाचनाच्या पहिल्या तीन पायऱ्या तिथे चढून झालेल्या असतात.

वाचता न येणाऱ्या आजीचेही यात काही अडत नाही. चिऊकाऊची गोष्ट तिला येतेच. पाऊस पडतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा मेणाच्या घराशी येऊन दार ठोठावतो. आजीने जमिनीवर बोटांनी टकटक करावी. चिमणी आत आहे आणि दर वेळी तिच्याकडे नवीन सबब आहे. पहिल्या दिवशी सगळ्या सबबी आजीच सांगेल. चार दिवसांनी तिने टकटक करून नुसते थांबावे आणि नातवाच्या तोंडाकडे पाहावे. बाळाला अंघोळ घालायची आहे, असे काही त्याला सांगता येणार नाही. पण तो डोक्यावर हात नेईल, अंगावर पाणी ओतल्यासारखे करील. मग आजीने पुन्हा जमिनीवर टकटक करावी.